मेहंदी गाडीचं दावं

३ फेब्रुवारी, शनिवार

आले बाई एकदाची. जामबागेतलं हे घर झकास आहे. खाली गॅरेज, त्याच्या मागं माझ्या दोन खोल्या, नळाला पाणी, खिडकीत लिंबाचं झाड. भालकीजवळच्या आमच्या गावात पाण्यासाठी भांडून भांडून माझा आवाज बसला होता. इथं भांडायला कुणी नाही, एवढीच अडचण.

अरविंद साहेबांनी ही वही दिली. ते गच्चीबावलीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत, मूळचे पुण्याचे. हे घर त्यांच्या काकांचं, अप्पारावांचं. काका वारले मागच्या पावसाळ्यात. साहेब म्हणाले, त्रिवेणीबाई, रोज काय झालं ते तारीख घालून लिहायचं, आणि रविवारी पानांचा फोटो पाठवायचा. मी सातवी नापास, हे सांगितलं. म्हणाले, शुद्धलेखन तपासायला मी मास्तर नाही. माणूस बरा आहे.

काम दोन. घर झाडायचं आणि गाडी सांभाळायची. गाडी विकायची आहे. ज्या दिवशी ती जाईल त्या दिवशी गॅरेजला फरशी आणि पंखा लावून ती खोली माझ्या तेजश्रीला. कबूल केलंय त्यांनी. पोरगी दिलसुखनगरला बँकेच्या परीक्षेचा क्लास करते. हॉस्टेलात एका खोलीत सहा जणी, ढेकूण, दर पंधरा दिवसाला ताप. परीक्षा मे महिन्यात आहे आणि ही शेवटची खेप, पुढं वय बसत नाही.

तेव्हा गाडी गेली पाहिजे. बस.

५ फेब्रुवारी, सोमवार

गाडीचं सांगते. मेहंदीच्या पाल्याच्या रंगाची, माझ्या कमरेएवढी उंच, दोनच माणसं बसतील अशी. आत शिरायचं म्हणजे बाळंतिणीच्या बाजेवर बसल्यासारखं खाली खाली जायचं. दिवे दिसत नाहीत. बटण दाबलं की बेडकाचे डोळे वर येतात तसे येतात. पुढचं झाकण उघडलं तर आत इंजिनच नाही, नुसती पेटी. साहेब हसले. म्हणाले, हिचं इंजिन मध्ये असतं, बसणाऱ्याच्या पाठीला लागून, म्हणून वळणावर ही जमिनीला धरून राहते. लोक नुसतं नाव बघतात, हिच्या थोरल्या बहिणींना भाव देतात, हिला कुणी विचारत नाही. मी म्हटलं, एवढी गुणाची आहे तर सून करून घ्या. त्यांना फार हसू आलं.

रोज सकाळी नऊला शटर वर करायचं, आत बसायचं, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचं. सीटच्या मागं एक झाकण आहे, त्यापलीकडं इंजिन. झाकण चामड्याच्या पट्ट्यानं आवळून बांधलंय, तीन गाठी. आज चावी फिरवली आणि आवाज मागून आला तर मी वळून बघितलं, कोण आलं म्हणून. स्वतःलाच शिवी दिली.

११ फेब्रुवारी, रविवार

गिऱ्हाईक म्हणजे काय जात आहे कळत नाही. सकाळी दोघं आले, गाडीला टेकून फोटो काढले, गेले. मग एक कॉलेजातले सर, दोन तास लोहचुंबक घेऊन पत्रा चाचपत बसले आणि शेवटी म्हणाले, छत बुटकं आहे. अरे, डोळ्यांनी दिसत नव्हतं? मग एका बाईनं नवऱ्याला दारातूनच ओढून नेलं. म्हणे, दो बच्चे हैं, डिक्की में बिठाते क्या? बाई शहाणी होती.

दुपारी एक डॉक्टर आला. बसला, आणि लगेच मागं वळून बघितलं. परत पुढं बघितलं, परत मागं. तीनदा. मग मला विचारतो, अंदर और कौन है. म्हटलं, तिथं मांजर मावत नाही. तर म्हणे पाठ भाजते. इंजिन सकाळी नऊला बंद केलेलं, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. त्याची कार निघाली तेव्हा तो आमची गल्ली संपेपर्यंत मागचं दिसणाऱ्या आरशात बघत चालला होता.

पाणी पण प्याला नाही. हौला कुठला, इथं येड्याला तसंच म्हणतात.

१९ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांचा फोन. आठ दिवसांत सात जणांनी नको म्हटलं, तुम्ही काय बोलता लोकांशी? मी काय बोलणार! तुमच्या गाडीत बसून मान मोडतात आणि पळतात, हे बोलू?

पाठीचं मात्र खरं आहे. आज चावी लावायच्या आधीच माझी पाठ गरम झाली, कुणी मागं उभं राहून श्वास सोडावा तशी. या वयात अंगातून वाफा निघतातच. गावी शेजारच्या गंगूला पण तसंच व्हायचं, ती दिवसभर उंबऱ्यात पदर हलवत बसायची.

तेजूला परत ताप आहे.

२ मार्च, शनिवार

गेली! गाडी गेली!

सिकंदराबादचा कुलदीप म्हणून सरदार आला. त्याच्याकडं जुन्या गाड्या आहेत सहा-सात. बसला तोच बोलत बसला. तोच इतका बोलतो की मागून कुणी हाक मारली तरी त्याला ऐकू जायचं नाही. म्हणाला, अम्मा, ये हीरा है, जौहरी अंधे हैं. मी म्हटलं, मग डोळसानं लवकर न्यावा. हसला, साहेबांना फोन केला, संध्याकाळच्या आत मोठ्या गाडीवर चढवून घेऊन गेला.

नेण्याआधी मी एक काम केलं. मागच्या झाकणाचा तो चामड्याचा पट्टा सोडून ठेवून घेतला. आमच्याकडं बैल विकला, म्हैस विकली, तरी दावं देत नाहीत. जनावर जातं, दावं खुंटीला राहतं. म्हणजे त्याची बरकत घरात राहते. आजोबांनी अकरा दावी ठेवली होती. गाठी फार घट्ट होत्या, दातानं सोडल्या. पट्टा गॅरेजच्या खिळ्याला टांगला. कुलदीपला त्याचं काही नाही, तो नवा लावतो म्हणाला.

उद्या फरशीवाला येणार.

१० मार्च, रविवार

तेजू आली. फरशी झाली, पंखा लागला, टेबल भिंतीकडं तोंड करून ठेवलं. सुलतान बाजारातून पिवळ्या फुलांचे अभ्रे आणले. पोरगी म्हणाली, आई, हा तर राजवाडा. पहिल्यांदा ती दोन पोळ्या जास्त जेवली. आज लिहायला काही नाही. पोट भरलेल्या माणसाला लिहायला काय असतं.

१३ मार्च, बुधवार

भांडण झालं. मी बाजारात गेले होते. आले तर म्हणते, आई, अभ्यास करताना मागं येऊन उभी राहू नकोस, लक्ष लागत नाही. म्हटलं मी आत्ता येतेय, हातात पिशवी दिसत नाही का? तर तोंड वाकडं करून म्हणे, मग मान का वळवतेस माझी सारखी. अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काय! सरळ सांगावं माणसानं.

मान आखडलीय तिची, उजवीकडं. तेल लावून दिलं.

१५ मार्च, शुक्रवार

मान सरळ होत नाही. कोठी भागातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, उशी बदला. उशी नवीच आहे, म्हटलं, अभ्र्यासकट.

ती क्लासला गेल्यावर खुर्ची हलवायला गेले तर खुर्चीची पाठ गरम. लोखंडी खुर्ची, पंखा चालू, खोलीत ऊन नाही. मागच्या भिंतीला हात लावला, थंड. मधल्या हवेत हात धरला —

चुलीजवळ बसतात तसं लागलं.

१६ मार्च, शनिवार

वहीद मिस्त्रीला शोधून काढलं. अप्पारावांची गाडी तोच दुरुस्त करायचा. गाडी विकली म्हटल्यावर अल्लाचं नाव घेतलं. मग विचारलं, वो पट्टा भी गया ना? मी म्हटलं, नाही, ठेवला.

तो खाली बसला.

म्हणाला, पट्टा मीच बांधला होता, अप्पाराव साबनी सांगितलं म्हणून. कसके बांधो मियाँ, तीन गाठां. साब सकाळी गाडीत बसून पाठीमागच्याशी बोलायचे. आधी हसायचे त्याच्याशी, मग हातापाया पडायचे. गाडी आणली तेव्हाच ते आत होतं का, हे वहीदला माहीत नाही. गेल्या पावसाळ्यात शटर वहीदनंच उचकटलं. साब सीटवर बसलेले होते, छाती पुढं आणि तोंड —

डॉक्टरनं हार्ट लिहिलं.

मी साहेबांना विचारलं, हे मला का नाही सांगितलं. ते म्हणाले, काका ऐंशीचे होते, त्रिवेणीबाई, आणि मिस्त्री पितो.

कुलदीपला फोन केला. गाडी लोण्यासारखी चालते, म्हणाला. काहीच त्रास नाही. अम्मा, क्या चीज़ दी आपने!

त्याला त्रास नाही. जे होतं ते दाव्याबरोबर राहिलं. मी ठेवून घेतलं. मी.

१७ मार्च, रविवार

पट्टा चादरघाटच्या पुलावरून मुसी नदीत टाकला. हात जोडले. घरी आले तर तेजू टेबलाशी बसलेली, पुस्तक पुढं, हनुवटी खांद्यावर. मला बघून हसली. मान तिकडं कधी गेली तिला कळलंच नाही.

दावं होतं तोवर ते खिळ्याला बांधलेलं तरी होतं. ते पण मीच सोडलं. काय बाई आहे मी!

आज साहेबांना फोटो पाठवला नाही.

१९ मार्च, मंगळवार

पोरीला हॉस्टेलात परत पाठवलं. रडली. म्हणाली, तूच आणलंस, तूच हाकलतेस, माझा दीड महिना उरलाय आई. मी कारण सांगितलं नाही. म्हटलं फरशीतून पाणी येतंय. तिनं फरशीकडं बघितलं, कोरडी. मग माझ्याकडं बघितलं. तसंच गेली.

एक युक्ती केलीय. वासरू मेलं की त्याचं कातडं पेंढ्यानं भरून गाईपुढं ठेवतात, गाय वासाला फसते, दूध देते. तेजूची निळी ओढणी मी ठेवून घेतली. खांद्यावर घेतली आणि तिच्या खुर्चीत बसले, भिंतीकडं तोंड करून.

आलं. अर्ध्या तासात. पाठ भाजायला लागली.

ये. इथंच बस.

२० मार्च, बुधवार

तेजूचा फोन. मान मोकळी झाली म्हणते. दोन चाचण्या दिल्या, दोन्ही बऱ्या गेल्या. अजून रागात आहे पण जेवली का विचारलं मला.

मी खुर्चीतच. उठले की ते दारापर्यंत येतं म्हणून उठत नाही फार. मागं बघायचं नाही, एवढं जमतं. हट्टी आहे मी, माझा नवरा सांगायचा. मान मात्र ओढते — शिंगाला धरून वासरू वळवतात तशी —

परीक्षेपर्यंत. एवढंच.

२२ मार्च

ओढणीचा वास कमी होतोय, माझ्या घामाचा जास्त. गाय चार दिवस फसते. मग कातडं चाटते आणि —

नाही. बसून राहायचं.

२३ मार्च

दुपारी बारा. पाठ गरम.

साडेबारा. गरम.

एक वाजायला आला —

थंड. पाठ थंड झाली. पंख्याचा वारा लागतोय पाठीला. खोलीभर हात फिरवला — कुठं नाही — सगळीकडं थंड —

ओढणी खाली पडली होती. कधी पडली —

फोन लावला. उचलत नाही. क्लास असेल. नाही, शनिवारी एकला क्लास नसतो. परत लावला —

उचलला. हसतेय. म्हणते, आई, हॉस्टेलात कधी आलीस? आणि मागं उभी राहून फोन काय करतेस?

म्हटलं तेजू मी घरी आहे. मागं बघू नकोस. पोरी, मागं बघू नकोस. तिनं विचारलं, का गं, आणि तिचा आवाज फोनपासून मागं वळत गेला —