सेनापतीची भूमिका

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की भांडायचं म्हटलं तरी आधी तुमचा आवाज आठवावा लागतो. मी घाटकोपरच्या कॉलेजात नाटक शिकवते. दर वर्षी सांगते, शोकांतिकेचा नायक मोठा माणूस असतो आणि त्याची महत्त्वाकांक्षाच त्याचा घात करते. मुलं लिहून घेतात. त्याच्या बायकोमुलांचं पुढे काय होतं हे कुणी विचारत नाही, आणि मीही आपणहून सांगत नाही.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. आपण मुलुंडला चाळीत राहायचो. दिवसभर तुम्ही कांजूरमार्गच्या कारखान्यात फिटर, संध्याकाळी कामगारांच्या नाट्यमंडळात. राजाचा खून करून गादी बळकावणारा सेनापती तिथल्या नाटकात मास्तर करायचे, शाळेत चित्रकला शिकवणारे साधे गृहस्थ. तुमचे मालवणी हेल घालवून तुम्हाला स्टेजवर बोलायला त्यांनीच शिकवलं. एका प्रयोगात त्यांना वाक्य आठवेना. तुम्ही विंगेत उभे होतात, तुम्हाला ते पाठ होतं, तरी सांगितलं नाहीत. हे तुम्हीच जेवताना आईला सांगितलंत, वर हसलात. मग मंडळाच्या चिटणिसाकडे जाऊन म्हणालात, मास्तर आता थकले. भूमिका तुम्हाला मिळाली.

त्यानंतरचा रविवार अजून दिसतो. आई घावणे घालतेय, मी तिला चिकटून बसलेय. मास्तर दारात उभे. तुम्ही खुर्ची पुढे करता, ते बसत नाहीत. सेनापतीचा शेला त्यांनी धुऊन, घडी करून आणलाय.

"मागितली असतीस तर दिली असती रे," एवढंच म्हणतात आणि जिना उतरतात. आई उलथनं हातात तसंच धरून तुमच्याकडे बघत राहते.

"बघतेस काय? घावणा करपतोय," तुम्ही म्हणता.

सेनापती म्हणून तुमचा पहिलाच प्रयोग एका नाटक कंपनीच्या मालकाने पाहिला आणि तुम्हाला बोलावलं. आई म्हणाली, नोकरी सोडू नका, रजा काढा. तुम्ही सोडलीत. कंपनीने तुम्हाला गावोगाव भाला धरून उभं केलं. परत आलात तेव्हा कारखान्यात जागा उरली नव्हती. आईने लोकांचे डबे करायला घेतले. तुम्ही गॅलरीत बसून मालकाला, चाळीला, आईच्या कटकटीला दोष देत राहिलात. मास्तर पुन्हा मंडळाची पायरी चढले नाहीत. ते वारले तेव्हा तुम्ही शेवटचं बघायलाही गेला नाहीत. नाटकात नायक कोसळतो, पडदा पडतो, लोक डोळे पुसून घरी जातात. आमच्याकडे पडदा पडलाच नाही. तुम्ही कोसळून तिथेच राहिलात, आणि आई तुमच्या कडेकडेने घर झाडत राहिली.

हे पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं, कारण मग पुढचं तुम्ही वाचलं असतं. त्या पहिल्या प्रयोगाला आई मान खाली घालून बसली होती. मी मात्र बघत होते. तुम्ही मास्तरांपेक्षा चांगलं काम केलंत. सेनापती मेला तेव्हा मी हमसून रडले. तुम्ही गेलात त्या दिवशी तसं रडू आलं नाही.