फुली मारलेल्या जागी सही

प्रिय रुमाना,

उरणला सासरी पाणी वेळेवर येतं का, कळव. पनवेलला सगळं तसंच. सकाळी रहीमचाचांच्या शुगरच्या गोळ्या, मग सुनीताताईंचं लाइटबिल, दुपारी तुझ्या अम्मींचा, म्हणजे कुबराखालांचा, गॅसचा नंबर लावायचा. मोहल्ल्यात मी आता ‘माजला सांगा’ एवढाच उरलोय. सांगतात, मी जातो. थकत नाही, चिडत नाही. तुला खरं वाटणार नाही.

कॉलेजात त्या पोराचं नाक फोडलं तेव्हा तू म्हणाली होतीस, “माफी माग आणि वर्गात बस, येड्या.” तो तुझ्याबद्दल काय बोलला होता, ते आजही सांगणार नाही. माफी मागितली नाही, कॉलेज सुटलं. तू बसलीस परीक्षेला, बरं झालं. तुझ्या आणि अरीबच्या निकाहला बर्फाच्या लाद्या, खुर्च्या, पाहुण्यांच्या रिक्षा मीच बघितल्या. “जेवलास का?” तू एकदाच विचारलंस. मी हो म्हणालो.

गेल्या आठवड्यात खालांनी तुझ्या पासपोर्टचा फॉर्म दिला. खाली तुझी सही, वरचं सगळं मी भरायचं. “पासपोर्ट झाला की व्हिसा, मग ती अरीबकडे कुवेतला. जल्दी कर बेटा, तुज्याशिवाय कोण हाय आमचं?” रात्री भरला, मंगळवारी रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या माणसाने एका ओळीवर बोट ठेवलं, माझ्या ओळखपत्राकडे बघितलं, म्हणाला, “नवरा तूच काय रे?” मागचे हसले. एरवी मी कॉलर धरली असती. हात उठलाच नाही. पतीच्या नावापुढे माझं नाव होतं. माझ्याच अक्षरात, शाईने, वडिलांच्या नावासकट. कधी लिहिलं, आठवत नाही. फॉर्म परत घेतला. खालांना सांगितलं, फोटो चालला नाही.

म्हणून हे पत्र, खालांच्या हाती. सोबत नवा फॉर्म आहे. फुली मारलीय तिथे सही कर आणि खालांबरोबरच परत पाठव. त्यांना मराठी वाचता येत नाही, तरी हा कागद वाचून फाड. बाकी सगळं नीट भरलंय, दोनदा तपासलंय. फक्त एक ओळ रिकामी ठेवलीय. ती तुझ्या हाताने भर. मग रांगेत मी उभा राहतो.

तुझाच,
माज