करदोड्याच्या तीन गाठी

धाड, मार्गशीर्ष वद्य पंचमी, दिवेलागण

पोट उतरवायला बुलढाण्याच्या डॉक्टरांचं कडू औषध, एकवेळ भाकर, तूप बंद, आणि पटवारगिरीच्या फेऱ्या तट्टू सोडून पायी. चार महिन्यांत कंबर इतकी उतरली की करदोड्याला तीन गाठी माराव्या लागल्या. मी खुशीत होतो. चढावर आता धाप लागत नाही.

सकाळी मी विहिरीवर अंघोळ करत असताना मायनं त्या गाठी पाहिल्या आणि घागर खाली ठेवली.

"तुह्या बापाच्या करदोड्यालेबी अशाच गाठी पडल्या होत्या. तिसऱ्या गाठीले ते गेले."

"माय, बाबाले क्षय होता. मी औषध घेऊन मुद्दाम उतरून राह्यलो."

"मुद्दाम? घरात दाणे असताना?"



आत्ता तिनं नवा काळा करदोडा आणला. कंबर मोकळी राहू नये म्हणून आधी तो बांधला, मग जुना गाठींसकट कापला. हात लावून पाहतो तर चार बोटं सैल.

"माय, ढिला झाला."

"राहू दे. भरशील तू."

पोट परत आलं तर छाती दगा देईल, असं डॉक्टर म्हणालेत. ते तिला सांगवलं नाही. नव्या करदोड्याला गाठ मारायचाही धीर नाही. एका हातानं तो धरून हे लिहितोय.