चालू मशीनला हात लावू नये

५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि रागही. हृदयाच्या नळ्या अरुंद झाल्या म्हणून वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बंद करून तुझ्याकडे येऊन बसू? मुळीच नाही. डॉक्टर म्हणाले, गोळ्या कायमच्या, सिगारेट बंद, मीठ-तेल कमी आणि रोज चालणं. सिगारेट सुटली, चालतोही. दोन महिन्यांत छातीत एकदाही आवळलं नाही, म्हणून गोळ्या मात्र मी बंद केल्या. चालू मशीनला हात लावायचा नाही, हा नानांचाच नियम ना? भावजींना नमस्कार.

तुझा हट्टी,
धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ.

डोकं ठिकाणावर आहे का तुझं? नानांचा नियम मलाच शिकवतोस! तो गिऱ्हाइकांच्या मशिनींसाठी होता. दुकानातल्या आपल्या मशिनींना ते रोज सकाळी तेल घालायचे, एकही कुरकुरत नसताना. तुला ते कधी दिसलं नाही, कारण दुकान उघडायला मी असायचे आणि तू अंथरुणात लोळत असायचास. छाती गप्प होती ती गोळ्यांमुळे, मूर्खा. आजच्या आज डॉक्टरांकडे जा, नाहीतर मी येऊन दुकानाला माझं कुलूप लावीन. तुझे भावजी म्हणतात, ही खरंच लावेल. फार भीती वाटते रे मला.

रागावलेली पण तुझीच,
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मशीन उचलून जिना चढताना छाती आवळली. पायरीवर बसलो, खिशातली तातडीची गोळी जिभेखाली ठेवली. हिने तडक दवाखान्यात नेलं. झटका नव्हता, पण डॉक्टरांनी माझी बिनपाण्याने हजामत केली. गोळ्या पुन्हा सुरू आहेत, एकही चुकवत नाही. ऑपरेशन सध्या नको. जड उचलायचं नाही, काम करायला हरकत नाही, असं त्यांच्याकडून लिहून घेतलंय. कुलूप घेऊन आलीस तर तोच कागद दाखवीन.

एक गोष्ट कुणालाच बोललो नव्हतो. नाना याच दुखण्याने गेले, तेव्हाचं त्यांचं वय मी दिवसांत मोजून ठेवलं होतं. तो दिवस जवळ आला तसा धीर सुटला. जायचंच आहे तर आजारी म्हणून कशाला, असं वाटून गोळ्या सोडल्या. नियमाचं निमित्त केलं.

काल तो दिवस गेला. आज मी नानांपेक्षा एका दिवसाने मोठा आहे, ताई, आणि नऊ वाजता दुकान उघडलंय.

राग हवा तेवढा कर, लोभात मात्र काटकसर नको.

तुझा,
धाकटा