ठोका

सोमवार

पहिला दिवस फक्कड गेला. दिवाणखाना ऐसपैस, तीन बाजूंनी खिडक्या, आवाज घुमत नाही. संगीतोपचारासाठी चौदा आजी-आजोबा मिळाले. वृद्धाश्रमाच्या मोठ्या बाई म्हणाल्या, यांतल्या निम्म्यांना ऐकू येत नाही आणि उरलेले ऐकत नाहीत. मी पद्धत समजावली: आधी नाडी मोजायची, त्याच गतीचा ठेका धरायचा, मग गती हळूहळू उतरवायची, नाडी मागोमाग उतरते. प्रत्येकाला जाड काठी आणि लाकडी ठोकळा दिला.

बुधवार

मोजणी त्यांच्या लक्षात राहत नाही. म्हणून ध्वनिमुद्रण केलं: प्रत्येक मात्रेआधी माझ्या आवाजात 'ठोका'. सरासरी नाडी ८८ वरून ७२. दोन वर्षं गप्प असलेले लोहारबाबा काठी तोलत बोलले, घण हलका आहे. त्यांचं सगळं करणाऱ्या मावशी हसत सुटल्या. म्हणाल्या, बाई, तुम्हीच बोलतं केलंत, आता त्यांच्या तक्रारीही तुम्हीच ऐका.

शुक्रवार

जेवतानाही ध्वनिमुद्रण चालू ठेवलं होतं. एका आजींनी शेजारणीच्या बोटांवर काठी हाणली. दोन नखं उखडली. जाब विचारला तर शांतपणे म्हणाल्या, अगं, तूच तर सांगतेस.

मी मात्रा मोजत होते. त्यांना हुकूम ऐकू येत होता. चूक माझी. उद्यापासून शब्द बदलणार: 'ताल'.

शनिवार

'ताल'वर एकही हात उठला नाही. चौदाही चेहरे स्पीकरकडे. नाड्या ११०, १२४. एक आजोबा खुर्चीतून कोसळले. मोठ्या बाई म्हणाल्या, जुनंच लावा. मी नको म्हटलं. मग काय मरू द्यायचं का, म्हणाल्या. काठ्या तरी काढून घेऊ म्हटलं. कुणी मूठ सोडेना.

लावलं. तीन मिनिटांत सगळे शांत.

रविवार, सकाळ

मावशी लोहारबाबांच्या बुटाची लेस बांधायला वाकल्या. ध्वनिमुद्रण चालू होतं. बाबांची काठी त्यांच्या डोक्यावर. पुढच्या मात्रेला बाकीचे उठले. एकही घाव मागेपुढे नाही. मी वायर उपटेपर्यंत अकरा घाव. कानामागे हाड दिसत होतं, पांढरं. मोठ्या बाई मावशींना घेऊन दवाखान्यात गेल्या. कुणी बाहेर पडू नये म्हणून मुख्य दाराला कुलूप लावून गेल्या. मला म्हणाल्या, तुमचंच ऐकतात, तुम्ही सांभाळा.

रविवार, दुपार

सामानाच्या खोलीत आहे. आतून कडी. फोन दिवाणखान्यात राहिला. लिहितेय म्हणजे नोंद राहील.

वायर माझ्या मांडीवर आहे. स्पीकर मुका. तरी 'ठोका' — चौदा तोंडं, आवाज माझा.

दारावर घाव.

मी ओरडले, थांबा. थांबले.

लोहारबाबांनी विचारलं, पोरी, लोखंड तापलं का.

मी तोंडावर हात दाबला. श्वास धरून —

बाहेरून माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं की तापलंय. दाराची मधली फळी तडकली. मी नाही म्हटलं ते. लिहून ठेवते, मी म्हटलेलं ना—