पटवारीचं रक्त

६ डिसेंबर

पशुवैद्यकीच्या अभ्यासासाठी अकरा कुत्री तपासून झाली. बेचाळीस हवीत — आणि निरोगीच हवीत! दोन यंत्रं आहेत, हातात मावणारी. पट्टीवर थेंब टाकला की रक्त किती सेकंदांत गोठतं ते दिसतं. दोन्हींचे आकडे एकमेकांशी जुळतात का, आणि आपल्या गावठी कुत्र्यांचा नेहमीचा आकडा किती, एवढंच बघायचंय. घोणस चावलेलं कुत्रं आलं तर ताडून बघायला काही तरी नको का?

शेजारचे नानाजीभाऊ ओट्यावरून ओरडले, "काऊन वं उर्वशी, बिमाराले सोडून चांगल्याचं रगत काढून राह्यली? उलटंच काम हाय तुह्यं!" सगळे हसले. मीही.

चौदाला परत निघायचं. या वेळी आईलाही नागपूरला नेणार. बाबा गेल्यापासून एकटी आहे. फ्लॅटमध्ये कुत्रं चालत नाही, हे तिला काल आल्या आल्याच सांगून टाकलं. आमचा कुत्रा पटवारी ठेवाल का, असं नानाजीभाऊंना विचारलं — त्यांच्या कोंबड्या आहेत, नको म्हणाले. बघू.

७ डिसेंबर

पटवारी हे नाव बाबांनी ठेवलं. पिल्लू असताना ज्याच्या त्याच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन हुंगायचा, जणू मोजणीच करतोय!

बाबा इथल्या ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. साप चावलेला बैल आला की काचेच्या नळीत रक्त घ्यायचे आणि नळी मुठीत धरून बसायचे. वीस मिनिटं. "हालवाचं नाई." तेवढ्या वेळात मला वडशाला पाहिलेल्या नाटकातला विनोदी प्रवेश आवाजासकट करून दाखवायचे. बैलवाला काळजीत, आणि आम्ही बापलेक खिदळतोय! मग नळी कलती करायची. रक्त थिजलेलं असलं म्हणजे विष भिनलेलं नाही — बैलवाल्याच्या आधी मीच टाळ्या पिटायचे.

आता यंत्र क्षणात सांगतं. बरंच आहे. पण आज बाबांची फार आठवण आली.

८ डिसेंबर

बुधरीबाईंची कुत्री चावली. निरोगी आहे, शंका नाही!

९ डिसेंबर

पटवारी बाविसावा. घरचाच, म्हणून मागे ठेवला होता.

यंत्रावर आकडाच येईना. पट्टी खराब म्हणून दुसरी घेतली. तेच. दुसरं यंत्र — तेच! चिडून नोंद खोडली. हा तर शेपूट हलवतोय, पोळी खातोय. मग टोचलेल्या जागेवरचा कापूस काढला. चिंब भिजलेला.

काचेची नळी घेतली. बाबांसारखीच मुठीत धरून ओट्यावर बसले. वीस मिनिटं. कलती केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं.

साप नाही, कुठे सूज नाही. मग एकच — उंदरांचं औषध. त्यानं रक्त गोठणं बंद पडतं, आणि दोन-तीन दिवस वरून काहीच कळत नाही. आईला विचारलं, "धानाच्या कोठीत औषध टाकलंस का?"

"टाकतो ना दरसाली."

"मग यानं मेलेला उंदीर खाल्ला असेल."

"असंल," म्हणाली आणि आत गेली.

१० डिसेंबर

या विषावरचा उतारा, व्हिटॅमिन के, कालच चंद्रपूरहून मागवलं होतं, एसटीच्या कंडक्टरच्या हाती. सकाळच्या गाडीनं आलं. इंजेक्शन दिलं. पुढे महिनाभर गोळ्या.

आई त्याच्यापासून हलत नाही. जेवली नाही. "वाचंल का वं?" — दहादा विचारलं असेल.

११ डिसेंबर

आकडा आला! दोन्ही यंत्रांवर! इतरांपेक्षा जरा जास्त, पण आला. मी नाचलेच. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही तिला इतकं रडताना पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी पटवारी हळूहळू दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेला. बाबा सुटायचे ती वेळ. बसला थोडा वेळ, मग परत आला. बाबा गेल्यापासून दोन वर्षं रोज जातो म्हणे. मला माहीतच नव्हतं.

१३ डिसेंबर

बेचाळीस पूर्ण. पटवारी त्यात नाही. त्याच्याऐवजी इसरूभाऊंचा लंगडा घेतला. पायानं लंगडा, रक्तानं ठणठणीत.

बॅग भरत होते. आई दारात उभी राहिली. म्हणाली, "उंदीर नाई खाल्ला त्यानं. म्याच भातात कालवून देल्लं."

मला ऐकूनही कळेना.

"तिकडं कुत्रं चालत नाई म्हनली तू. नानाजीभाऊ नाई म्हनले. तुह्या बाबानं मरताना सांगतलं होतं, याले वाऱ्यावर सोडू नोको. मंग म्या काय करू, सांग?"

हेच तिनं मला आल्या दिवशीही विचारलं होतं. तेव्हा मी यंत्रं चार्जिंगला लावत होते.