चार गोळ्यांचा खिसा

ताई,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. (असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. माझा जीव गेले नऊ दिवस टांगणीला लागलाय.)

आमच्या भिंगरीचं तुला ठाऊकच आहे. दहाव्या वर्षी टाइप वन डायबेटिस निघाला, आता पंधरावं चालू आहे. इन्सुलिन स्वतः घेते, दंडावर सेन्सर लावते आणि साखरेचा आकडा तिच्या फोनवर दिसतो तसा माझ्याही फोनवर दिसतो. दुकानात बसून मी दिवसभर तोच बघतो. परवा एका गिऱ्हाइकाची कंबर एकशे बत्तीस लिहून बसलो. (गृहस्थ जाड आहेत, पण इतके नव्हेत.) त्यात या पोरीला फुटबॉलचं वेड. सरावात पळापळ झाली की साखर उतरते. सामन्यात मात्र ती आधी धास्तीने चढते आणि आपण जरा निर्धास्त झालो की भराभर खाली येते. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, सत्तरच्या खाली गेली की खेळ थांबवायचा, ग्लुकोजच्या चार गोळ्या चघळायच्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. भिंगरीला हे तोंडपाठ आहे. मलाही आहे, फक्त वेळ आली की माझ्या तोंडचं पाणी पळतं.

तर गोळ्या ठेवायच्या कुठे? तिच्या खेळायच्या चड्डीला खिसा नाही. म्हटलं, बाप शिंपी कशासाठी आहे? कमरेपाशी खिसा लावला, बरोबर चार गोळ्यांच्या मापाचा. नऊ दिवसांपूर्वी सामना होता, त्या सकाळी गोळ्या भरल्या आणि मनात आलं, पळताना पडल्या तर? म्हणून खिशाच्या तोंडाला कच्चा टाका घातला. (नव्या कोटाचे खिसे आम्ही असेच बंद ठेवतो, ओढला की सुटतो.) मग वाटलं, तो सुटला तर? म्हणून वरून मशीन मारली. दोनदा. जीन्सच्या धाग्याने.

पूर्वार्धात आकडा एकशे ऐंशी. तुझी भावजय म्हणाली, उगाच घाबरता. उत्तरार्धात एकशे दहा, मग अठ्ठ्याऐंशी, मग अडुसष्ट, आणि आकड्याशेजारचा कल दाखवणारा बाण सरळ खाली. भिंगरीने हात वर केला, पंचांनी खेळ थांबवला, ती चालू लागली आणि तेव्हा मला ती शिवण आठवली. ताई, दुकानातून थेट आलो होतो गं, पिशवीत कात्री होती, बारा इंची. ती उपसली, कठडा ओलांडला आणि मैदानात धावत सुटलो. समोरच्या संघाच्या पोरी किंचाळत पांगल्या. पंचांना काय माहीत, हा बाप आहे? त्यांनी आणि एका शिक्षिकेने मिळून मला आडवा पाडला. (कात्री सामन्यानंतर परत दिली, तीही मुठीकडून. सभ्य माणूस.)

पडल्या पडल्या मान वळवून बघतो तर भिंगरी गोलच्या खांबाला टेकून शांतपणे गोळ्या चघळतेय. गोलकीपर मैत्रिणीच्या बाटलीशेजारी तिची डबी असते. प्रत्येक सामन्याला, तीन वर्षं. मी फोनकडे बघत बसायचो, त्यामुळे मैदानाकडे बघायचं राहूनच गेलं होतं. पंधरा मिनिटांनी आकडा शहाण्णव झाला आणि ती पुन्हा खेळायला उतरली. मी तोवर फाटकाबाहेर होतो.

घरी येऊन ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला साखरेची भीती वाटत नाही. तुम्ही कुठून उगवाल याची वाटते."

मला ते फार लागलं. पण खरं होतं, म्हणून त्या खिशाची शिवण उसवायला बसलो.

दाजींना नमस्कार सांग.

कात्रीसकट सुखरूप,
तुझा धाकटा

ता. क. पुढच्या महिन्यात तिचे तीन दिवस तुझ्याच गावात सामने आहेत. मला यायला बंदी आहे. माझ्या फोनवरचा आकडाही ती त्या तीन दिवसांपुरता बंद करायला लावणार आहे, तोही माझ्याच हाताने. तू मात्र मैदानावर जा. तुझ्या फोनवर आकडा दिसायला तिची हरकत नाही.

ता. ता. क. तिची अट अशी की तू मला काही कळवायचं नाही. मी शब्द दिलाय, तूही पाळ. मी आपला रोज संध्याकाळी तुझ्या गुडघ्याची चौकशी करायला फोन करीन. पोर ठीक असेल तर गुडघा बरा आहे म्हण, म्हणजे मी जेवायला बसेन. तुझ्या खऱ्या गुडघ्याचं चौथ्या दिवशी विचारीन.